लेक विमानानं, ट्रंक रेल्वेनं

साडू हे नातं ज्यानं काढलं त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. भाऊबंद भांडतात ते बांधावरनं, त्यात काही तरी कारण असतं. साडवांना ना बांध, ना वाटणी. सासुरवाडीला एका पंगतीत जेवायला बसतात एवढंच, आणि तेवढ्यावर जन्मभर एकमेकांच्या ताटात बघतात. माझ्या दोन बहिणींच्या पायी मला असे दोन दाजी मिळाले. थोरले बाबासो आणि धाकटे हंबीरराव. मी मधला मेहुणा. दोघांचं ऐकून घ्यायचं काम माझ्याकडं, आणि ते बिनपगारी.

बाबासो दाजी उचगावचे. रेल्वेत चावीवाले. हातोडा खांद्यावर टाकून रोज रूळ धरून चालत जायचं, रूळ आवळून धरणारी चावी ढिली दिसली की ठोकून बसवायची आणि पुढं व्हायचं. गाड्या त्यांच्या अंगावरनं जायच्या, पण गाडीत बसायचा योग वर्षातनं एखादा, रेल्वेच्या फुकट पासावर. हा पास म्हणजे दाजींची जहागिरी. माझ्या थोरल्या शेवंताक्काला आणि पोरीला घेऊन त्यांनी नागपूर केलं, सांची केली, बोधगया केली. गल्लीत कुणी कुठं निघालं की दाजी विचारायचे, "तिकीट काढून?" आणि मग स्वतःच हसायचे.

हे हसू फार दिवस टिकलं नाही, कारण हंबीरराव आले. धाकट्या बायडाला सांगून आलेलं स्थळ. बँकेत कारकून, पायात पॉलिश केलेले बूट. आमच्या गडमुडशिंगीच्या घरात पहिल्यांदा आले तेव्हा आईनं शेजारनं खुर्ची मागून आणली. दाजी भिंतीला टेकून पटकुरावर बसले होते. चार वर्षं त्या घरचा एकुलता जावई होता हा माणूस, आणि त्याला कधी कुणी खुर्ची दिली नव्हती, कारण घरात नव्हतीच. त्या दिवशी रात्री परत जाताना ते मला म्हणाले, "पेंटर, तुज्या आईला शेजारनं खुर्ची मागता येत हुती म्हंजे."

मला सगळे पेंटर म्हणतात. उचगाव फाट्यावर माझं दुकान. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या पाट्या, विहाराच्या भिंतीवरची अक्षरं, सगळं माझ्या हातचं. रंग सोडला तर मला दुसरं काही कळत नाही, असं माझी आई म्हणायची. पण मत्सराला कसला रंग असतो हे मी त्या दोघांकडनं शिकलो. हंबीररावांनी स्कूटर घेतली, दाजींनी रेल्वेच्या सोसायटीचं कर्ज काढून सेकंडहँड लूना घेतली. हंबीररावांनी रंगीत टीव्ही आणला, दाजींनी त्याच महिन्यात आणला आणि वर अँटेना इतकी उंच उभी केली की ती मुडशिंगीतनं दिसावी. हंबीररावांच्या घराला ग्रॅनाइटचा ओटा झाला त्या वर्षी दाजी दिवाळीला आमच्याकडं आलेच नाहीत. पोटात दुखतंय असा निरोप आला. आई म्हणाली, "दुखत आसंल की. ओटा कडक हाय."

मी दाजींचीच बाजू घेतो असं कुणी समजू नये. जळायचे दोघंही. दाजी वस्तूंवर जळायचे आणि हंबीरराव संघप्रियावर.

संघप्रिया दाजींची एकुलती एक लेक. हंबीररावांना दोन मुलगे, संग्राम आणि संघर्ष. नावं ठेवताना हंबीररावांनी मोठा विचार केला होता, पण संग्राम बारावीत दोनदा अडकला आणि संघर्षानं तर संघर्ष करायचाच सोडला. इकडं ही पोर रुळाशेजारच्या दोन खोल्यांत बसून, गाडी गेली की पान उलटायची. दहावीला तालुक्यात नाव, कॉलेजात सुवर्णपदक. दर निकालाला हंबीरराव पेढे घेऊन यायचे, पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि तो हात काढायचाच विसरायचे. दाजी ते बघत बसायचे. एकदा म्हणाले, "पेढं त्याचं, डोस्कं माजं." डोकं त्यांचं नव्हतंच, आक्काचं होतं.

हे सगळं चालू होतं तोवर ठीक होतं. दोन हजार सहा सालच्या जुलैत दिल्लीच्या विद्यापीठाचं पत्र आलं आणि सगळं चिघळलं.

एम. ए. ला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहात खोलीही मिळाली होती. पत्र आलं सोमवारी दुपारी, आणि हजर राहायचं होतं बुधवारी. नाही तर जागा दुसऱ्याला. दाजींनी पास काढून ठेवला होता, महिनाभर आधी. मिरजेहून निजामुद्दीनला जाणारी गाडी त्यांना पाठ होती, कुठं इंजिन बदलतं, कुठं पाणी भरतात, सगळं. फाट्यावर चहा पिताना मला दहादा सांगून झालं होतं की लेकीला विद्यापीठाच्या दारात मी नेऊन सोडणार, रेल्वेनं, माझ्या पासावर. नवा पांढरा शर्टसुद्धा शिवून आणला होता. आणि आता गाडी धरली तर पोचायला गुरुवार.

हंबीरराव संध्याकाळी आले ते बूट न काढताच उंबऱ्यात उभे राहिले. "उद्या पुण्यासनं इमान हाय. मी बोललोय एजंटाशी. पोरीला घिऊन जातो, बुधवारी सकाळी दारात उभी करतो. रजा काढलीय मी."

आक्कानं पदर डोळ्याला लावला. पोरीनं काकांकडं बघितलं आणि मग बापाकडं. दाजी पासाचा कागद घडी घालत होते.

"दाजी, तुमी बी चला की," हंबीरराव म्हणाले. "तीन तिकिटं काढूया. मी हाय न्हवं."

मला अजून वाटतं, त्या वेळी दाजींनी 'हो' म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण साडवाच्या पैशानं विमानात बसायचं म्हणजे जन्मभर त्याच्या खुर्चीशेजारी पटकुरावर बसण्यासारखं. आमच्यात माणूस उपाशी राहील, पण साडवाच्या ताटातलं खाणार नाही.

"माजा पास हाय," दाजी म्हणाले.

"आवो, पासानं गुरुवार उजाडतोय."

"उजाडू दे. सामान कोण न्हेणार? इमानात वजन चालत न्हाई."

हे मात्र खरं निघालं. ट्रंक, गादी, पिठाचा डबा, चटणी, भडंगाचं पोतं, सगळं विमानात न्यायचं तर विमानच वेगळं करावं लागलं असतं. एवढ्या एका मुद्द्यावर दाजी जिंकले. ठरलं असं की लेक विमानानं जाणार साडवाबरोबर, आणि ट्रंक रेल्वेनं जाणार बापाबरोबर. आक्काला घरी म्हातारी सासू, तिला हलता येत नव्हतं. मग दाजींना हिंदी येत नाही म्हणून मला ओढलं. मलाही येत नाही, पण मी 'हॉर्न ओके' आणि 'बुरी नजर वाले' लिहीत असल्यामुळं येतं असा सगळ्यांचा समज होता.

त्याच संध्याकाळी मी ट्रंकेवर पोरीचं नाव घातलं. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या ऑइल पेंटनं, झाकणाच्या पुढच्या अंगाला, ठसठशीत. पावसाळी हवा, रंग वाळायला तयार नाही. दाजी शेजारी उभे राहून सांगत होते, "मोटं काड. त्येला दिसंल आसं काड." कुणाला ते विचारायची गरज नव्हती.

मंगळवारी सकाळी हंबीररावांची भाड्याची मोटार पुण्याकडं गेली. पोरीनं काच खाली करून हात हलवला. दाजींनी हात वर केला तो मोटार वळेपर्यंत तसाच. मग आम्ही ट्रंक रिक्षात घालून स्टेशनावर आलो, पॅसेंजरनं मिरज गाठलं आणि तिथं निजामुद्दीनची गाडी धरली.

प्रवासाचं मी काय सांगू? दाजींनी तो सगळा वर बघत केला. खिडकीतनं आभाळात काही चकाकलं की म्हणायचे, "ते बघ, गेली." मी म्हटलं, ते पुण्याचं विमान नसणार, ती कधीच पोचली असेल. तर म्हणाले, "ते तर आनि वाईट." भोपाळच्या आसपास कुठं तरी मी चिडलो. म्हटलं, दाजी, लेक वेळेत पोचली यात तुम्हाला आनंद नाही का? म्हणाले, "हाय की. लेक पोचली ह्याचा आनंद हाय. त्येनं पोचवली ह्याचा न्हाई. दोनी एकदमच हुतंय, त्याला मी काय करू?" आणि ट्रंकेवर पाय ठेवून झोपले.

निजामुद्दीनला उतरल्यावर बूथवरनं आक्काच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला. आक्का धावत आली असणार, दम लागला होता. "पोचलासा? बरं झालं. हंबीरदाजी माघारी बी आलं. खोली बघून आलं म्हणं. लई झ्याक हाय, निळा रंग हाय भित्तीला, दोन खाटा, खिडकीतनं बाग दिसतीय."

फोनला कान लावून दाजी ऐकत होते. ठेवल्यावर म्हणाले, "बाग दिसतीय." रिक्षात बसेपर्यंत ते एवढं एकच वाक्य तीनदा म्हणाले. मग पिशवीतनं पांढरा शर्ट काढला, स्टेशनच्या नळावर तोंड धुतलं आणि तो घातला. इस्त्री मोडली होती. तळहातानं दाबून दाबून त्यांनी ती सरळ केली.

विद्यापीठ म्हणजे एक गावच होतं. झाडं, रस्ते, सायकली, पोरं आणि पोरी बरोबरीनं चालताहेत. दाजी रिक्षातनं बाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडं. तेवढा वेळ ते जळायचं विसरले होते, हे मी शपथेवर सांगतो.

मुलींच्या वसतिगृहाला लोखंडी फाटक. पलीकडं कडुलिंबाखाली मी दाजींना आणि सामानाला उभं केलं आणि पहारेकऱ्याशी बोलायला गेलो. माझ्या मोडक्या हिंदीत मी म्हटलं, इसका बाप आया है, कमरा देखना है. तो हसला नाही की रागावला नाही. रोज शंभर जणांना सांगत असावा. "जेंट्स अंदर नहीं जा सकते. बाप, भाई, चाचा, कोई नहीं." पोरीचं नाव सांगून ती कुठाय विचारलं तर म्हणाला, सगळ्या नव्या मुली प्रवेशाच्या रांगेत, संध्याकाळी येतील. मग माझ्या मागं ट्रंक बघून म्हणाला, "सामान है तो कुली से भेज दो. कुली जाएगा."

मी परत येऊन दाजींना सांगितलं. ते एकदम म्हणाले, "मग हंबीररावाला कसा सोडला?"

"सोडला असेल पहिल्या दिवशी."

"बँकेचा सायब दिसतोय त्यो. बूट बघून सोडला आसंल." त्यांचा आवाज चढला. "खोली त्येनं बघायची. माजी लेक कुटं झोपती, कुटं बसती, त्ये त्येला ठावं. आनि मी जल्माचा बाप, झाडाखाली."

मी म्हटलं, जाऊ द्या, संध्याकाळी पोरगी येईल, भेटू, हमाल बघतो. फाटकापासनं थोडं पुढं दोन-तीन हमाल बसले होते. मी तिकडं निघालो तर दाजींनी माझा हात धरला. ते फाटकाकडं बघत होते. एक हमाल डोक्यावर गादी घेऊन पहारेकऱ्यासमोरनं सरळ आत गेला. त्याला कुणी नाव विचारलं नाही, नातं विचारलं नाही.

दाजी झाडामागं गेले. पांढरा शर्ट काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. पिशवीतनं प्रवासातला मळका शर्ट काढून अंगात घातला, पंच्याची चुंबळ केली. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, "दाजी, आसलं काय करू नगासा. कुणी बघितलं तर?"

"कोन बघतंय? हितं कोन आपला साडू हाय?"

ट्रंक उचलून मीच त्यांच्या खांद्यावर दिली. जड होती. रुळावरच्या चाव्या ठोकून खांदा घट्ट झालेला होता, तरी पहिल्या पावलाला ते कलले. मी पोरीचं नाव घातलेली बाजू त्यांच्या मानेला लागून होती. ते पहारेकऱ्यापुढनं मान खाली घालून गेले. त्यानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसता खोलीचा नंबर सांगितला.

मी तो शर्ट हातात धरून उभा राहिलो. मला राग आला होता, पण नेमका कुणाचा ते ठरत नव्हतं. हंबीररावांचा यावा असं वाटत होतं, पण त्या माणसानं तर पोरीला वेळेवर पोचवलं होतं.

दाजी लवकर येईनात. मला वाटलं पकडले. मग आले, रिकाम्या हातानं, सावकाश, आणि झाडाखाली बसले. पाणी मागतील असं वाटलं, तर म्हणाले, "पानी पिऊन आलो. वर लेकीच्या खोलीत एक जुनी पोरगी हाय, रांचीची, अस्मिता नाव. आपल्या पान्यातलं दिलं तिनं. बाटलीतलं."

"खोली बघितली?"

"बघितली की." आणि मग त्यांनी मला ती खोली सांगितली, अगदी हळू, जशी एखादी वस्तू उलगडून दाखवावी तशी. भिंती पोपटी. निळ्या नव्हेत, पोपटी, खाली तेलकट डाग. दोन खाटा, एकीची पाटी मोडकी. ती लेकीची नव्हे, लेकीची चांगली होती, हलवून बघितली. खिडकीची कडी ढिली होती, ती ट्रंकेच्या कुलपानं ठोकून बसवून दिली. खिडकी उघडली तर पाण्याची टाकी आणि भिंत. बाग नाही.

"मग हंबीरदाजी..."

"ऐक की. ती पोरगी म्हनली, भैया, आराम से रखिए. म्हनली, ह्या मुलीचं पापा काल सोडायला आलतं. आत येऊ दिलं न्हाई. लई वेळ फाटकाला धरून हुबं हुतं बिचारं, वर बघत. रडत हुतं म्हणं."

मी हातातल्या शर्टाकडं बघितलं.

"पापा म्हनली," दाजी म्हणाले. "मी तिथंच हुबा. खांद्यावर ट्रंक. म्हटलं, हां."

मला वाटलं, आता या माणसाचा जळफळाट संपला असेल. साडूही फाटकावरच राहिला, खोटंच सांगत सुटलाय, हे कळल्यावर आणखी काय हवं? पण मी त्यांना अजून ओळखत नव्हतो. ते शर्ट बदलत म्हणाले, "माज्या लेकीसाठी त्यो कशापायी रडतोय? आँ? रडायचं बी त्येनंच?"

संध्याकाळी संघप्रिया आली. आबा म्हणून गळ्यात पडली. रांगेची, प्रवेशाची, विषयांची सगळी हकीकत एका दमात सांगितली. दाजी नुसते मान हलवत होते. पांढऱ्या शर्टाची घडी पाठीवर उमटली होती. मग ती म्हणाली, "आबा, ट्रंक वर पोचली. कुणी न्हेली?"

"हमालानं," दाजी म्हणाले.

"अस्मिता म्हणत होती, हमाल लई चांगला होता. खिडकीची कडी बसवून गेला." बोलता बोलता ती थांबली. दाजींच्या मानेवर, कानाच्या मागं, पांढरा रंग लागला होता. माझ्या न वाळलेल्या अक्षरांचा. तिनं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी झाडाकडं बघितलं. तिनं रुमाल काढून तो रंग पुसायला घेतला. ऑइल पेंट तो, नुसता पुसून जातोय होय? तरी ती पुसत राहिली, आणि दाजी मान वाकवून बसून राहिले. दाजींनी तिला 'खोली कशी आहे' असं विचारलंही नाही.

परतीच्या गाडीत त्यांनी मला शपथ घातली, हमालाचं आणि खोलीचं कुणाला सांगायचं नाही. पंचशीलाची घातली, म्हणजे मला खोटं बोलता येईना आणि खरंही बोलता येईना.

श्रावण पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि खीर खाऊन सगळे आमच्या मुडशिंगीच्या घरी आले. आता आमच्याकडं प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, दोन्ही जावयांना सारख्या, रंगही एक. तरी हंबीररावांची जरा पुढं होती. आईनं, म्हणजे धोंडुबाईनं, विचारलं, "हंबीरराव, नातीची खोली सांगा की परत."

ते सांगायला लागले आणि मी बघत राहिलो. महिन्याभरात ती खोली वाढली होती. आता तिला गॅलरी होती. बागेत मोर येत होते. निळा रंग आभाळी झाला होता. बायडा अभिमानानं ऐकत होती, संग्राम आणि संघर्ष मोबाइलात तोंड घालून बसले होते. माझ्या जिभेवर पोपटी शब्द आला होता. एक शब्द टाकला असता तर तो माणूस खुर्चीसकट खाली आला असता. वीस वर्षांची खुर्ची. मी दाजींकडं बघितलं. हातोडा त्यांच्या हातात होता, फक्त उचलायचा होता.

आई त्यांच्याकडं वळली. "आनि तुमी वो, बाबासो? तुमी बघितली का न्हाई खोली?"

हंबीररावांनी पेल्यातलं पाणी उगाच हलवलं. त्यांना काय ठाऊक होतं मला माहीत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, ती मला दिसली.

"मला कुटलं सोडत्यात," दाजी म्हणाले. "फाटकावरच हुतो की. झाडाखाली हुबा हुतो, वर बघत. हंबीररावांनी सांगितली तेवढीच म्हाईत."

हंबीररावांनी पेला खाली ठेवला. मोर तिथंच राहिले, पुढं गेले नाहीत. जरा वेळानं ते दाजींना म्हणाले, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं, "लई वेळ हुबं ऱ्हायलासा काय?"

"ऱ्हायलो की."

"तितनं वरचं काय दिसत न्हाई," हंबीरराव म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. त्यांनी दाजींकडं बघितलं. दाजींनी खिरीची वाटी उचलली आणि खायला लागले.

रात्री मी दाजींना लूनावर मागं बसवून उचगावला सोडायला निघालो. रेल्वेच्या फाटकाला गाडी यायची होती, थांबलो. मला राहवेना. मी म्हटलं, "दाजी, जन्मभर त्या माणसावर जळलासा. आज एवढा सोन्यासारखा डाव हातात होता. सोडून का दिलासा? दया आली का?"

"दया?" दाजींना तो शब्दच पटला नाही. "त्येच्याकडं बँक हाय. ओटा हाय. इमान हाय. माज्या लेकीसाठी रडला बी त्योच. तेवडी खोली एकटी माज्याकडं हाय."

गाडी धडधडत गेली. ती लांब जाईपर्यंत ते थांबले, आवाज ऐकत, कुठं चावी ढिली लागतेय का बघत.

"खरा रंग सांगितला आस्ता," ते म्हणाले, "तर त्येला बी ती खोली मिळाली आस्ती."